वाड्यातल्या हंड्या आणि काकांची 'टिफनी' : जाणकारांनी बघावं

बालाघाट_वारा (अंबाजोगाई / संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईचा आमचा वाडा उतरवायला घेतलाय. वाटण्या कशा झाल्या ते विचारू नका, तो वेगळा धागा होईल. माळवदाच्या खोलीतून जे निघालं त्यात काचसामान बरंच आहे आणि घरात कुणालाच त्यातलं कळत नाही.

दिव्याच्या दोन टांगत्या काचेच्या हंड्या आहेत, एक लालभडक, एक निळी. निळीचं पितळी झाकण शाबूत, लालचं गायब. बिस्किटाच्या डब्यात सुटे लोलक आहेत, झुंबर कुठं गेलं देव जाणे. एक कंदील आहे, टाकीवर 'प्रभाकर' असं उठवलेलं दिसतं, काच नाही. आणि जिच्यावरून घरात रणकंदन चाललंय ती एक रंगीत काचेची शेड. सोळा इंची, घुमटाच्या आकाराची. मधाच्या रंगाच्या काचा, खालच्या कडेनं पंख पसरलेले चतुर किडे. तीन तुकडे तडकलेत, एक पडून गेलाय. खाली पितळी दिसणारा खांब.

थोरले काका म्हणतात ही असली टिफनी, आजोबांनी पोलीस ॲक्शनच्या (१९४८) आधी हैदराबादेहून आणलेली, कोटीत जाईल. आत्या म्हणते, तिनं लहानपणी ही शेड घरात कधी बघितलेलीच नाही.

मला विकायची नाही, फ्लॅटमध्ये लावायची आहे. तर खरं काय आहे, दुरुस्त होते का, आणि लावायची कशी? फोटो टाकतो.

----

तिखट_शेव

टिफनी म्हणजे त्या अंगठ्यांच्या दुकानाची ना? ते दिवे पण करायचे?

----

काचकमळ (पुणे)

दुकान वडिलांचं, चार्ल्स टिफनी. दिवे मुलाचे, लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३). मुलाला दागिन्यांपेक्षा काचेचा नाद. आधी खिडक्या केल्या आणि १८९० च्या दशकात, न्यूयॉर्कात वीज नवी नवी असताना, दिव्यांकडे वळला. पुढं फॅशन बदलली आणि १९३२ साली टिफनी स्टुडिओनं दिवाळं काढलं. तेव्हा असली म्हणायची तर ती या पस्तीस-चाळीस वर्षांतली. नंतरचं सगळं 'टिफनी पद्धतीचं', मग ते कितीही देखणं असो. चतुरांचं डिझाइन त्यांच्या सगळ्यात गाजलेल्यांपैकी आहे, म्हणून नकलाही त्याच्याच सगळ्यात जास्त.

वारा, फोटोवरून निकाल देणार नाही. एवढं बघून सांगा. खांबाला लोहचुंबक लावा. होल्डर आट्यांचा आहे की बल्ब दाबून फिरवायचा? वायर कापडी वेष्टणाची की प्लास्टिकची? स्क्रूच्या डोक्यावर एक चीर आहे की फुली? शेडच्या आतल्या काठाला धातूची बारीक पट्टी आणि त्यावर शिक्का आहे का?

----

मोसंबी_जालना

स्क्रूवरून काय कळणार आहे बुवा?

----

काचकमळ (पुणे)

बरंच. फुलीच्या स्क्रूचं पेटंट १९३६ चं. तोवर टिफनी स्टुडिओ बंद पडलेला. एखादा स्क्रू मागाहून बदलला असेल हे मान्य, पण सगळेच फुलीचे निघाले तर बोलणं संपलं. होल्डरचंही तसंच. अमेरिकेत बल्ब आट्यांचा, आपल्याकडं इंग्रजांमुळं दाबून फिरवायचा. टिफनीचे खांब ब्राँझचे, त्यांना चुंबक धरत नाही. लोखंडाला मुलामा दिलेला असेल तर धरेल. शिक्का मी मुद्दाम शेवटी विचारला, कारण खोटेपणा करणाऱ्याला सगळ्यात सोपं काम तेच.

----

बालाघाट_वारा

रात्रीच बघितलं. चुंबक खाडकन चिकटलं. स्क्रू सगळे फुलीचे. वायर पांढरी, प्लास्टिकची. होल्डर दाबून फिरवायचा. शिक्का नाही.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, चुंबक खराब असेल.

----

औसा_लाइन (लातूर)

काकांस्नी म्हणावं शेजारचं चुंबक आणून बघा. लई हसलो राव.

पण त्यांना असं तोंडावर नका पाडू. म्हाताऱ्या माणसाला आजोबांनी आणलेली वस्तू म्हणजे आजोबाच असतात.

----

मोसंबी_जालना

म्हणजे आता भंगार म्हणायचं का?

----

काचकमळ (पुणे)

भंगार कशाला? कोटी गेले, एवढंच. २०१८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात टिफनीचा कमळाचा एक दिवा ३३ लाख डॉलरच्या वर गेला, त्या बातमीपासून प्रत्येक घरात एक टिफनी निघायला लागलाय. शेड बनते कशी ते सांगतो, मग तुमचं तुम्हीच ठरवा.

पहिली गोष्ट, या काचांचा रंग वरून लावलेला नसतो. काच भट्टीत पातळ असतानाच त्यात तो मिसळतात. कोबाल्टनं निळा, लोखंडानं हिरवट, मँगनीजनं जांभळा, कॅडमियम आणि सेलेनियमनं पिवळ्यापासून लालपर्यंत, आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी गुलाबी ते माणकाचा लाल. चर्चच्या खिडकीत संतांचे चेहरे, कपड्यांच्या चुण्या दिसतात त्या मात्र काचेवर रंगवून पुन्हा भट्टीत भाजलेल्या असतात. शेडमध्ये त्याची गरज क्वचित पडते. नखानं खरवडून रंग निघाला तर ती साधी काच, वरून रंगवलेली. तिच्यावर वेळ घालवू नका.

दुसरी गोष्ट जोडकामाची. जुन्या खिडक्यांत शिशाची पट्टी असते, दोन्ही बाजूंना खाच असलेली, त्या खाचेत काच बसवायची. मोठ्या सपाट तुकड्यांना ते ठीक. पण नखाएवढे तुकडे घेऊन घुमट वळवायचा तर शिशाची पट्टी जाड पडते. म्हणून तांब्याची कागदासारखी पातळ पट्टी आली. प्रत्येक तुकडा कापायचा, कडा घासायच्या, कडेनं तांबं गुंडाळायचं, घुमटाच्या साच्यावर तुकडे मांडायचे आणि कथील-शिशाच्या डाकेनं (सोल्डरनं) जोडायचे. डाक काचेला धरत नाही, तांब्याला धरते, सगळी युक्ती एवढीच. टिफनीच्या विस्टेरिया शेडमध्ये साधारण २००० तुकडे आहेत. तुमच्या शेडची नक्कल जिथं कुठं झाली असेल तिथंही प्रत्येक तुकड्याला कुणाचा तरी हात लागलाय.

तिसरी गोष्ट माझ्या मते खरी. काच दुधाळ आहे की आरपार? जॉन ला फार्ज या अमेरिकन चित्रकारानं १८८० साली दुधाळ काच खिडकीत वापरण्याचं पेटंट घेतलं, टिफनीनं पुढच्याच वर्षी स्वतःची घेतली, दोघांचं त्यावरून वाकडं आलं ते कायमचं. या काचेत उजेड आतल्या आत विखुरतो आणि अख्खा तुकडा उजळतो. उघड्या बल्बची तार डोळ्यांत खुपायची, ती या काचेनं झाकली. म्हणून शेड दिवसा दुकानात बघून घेऊ नये. न पेटवलेली दुधाळ काच मातकट, मळकी दिसते आणि आरपार स्वस्त काच चकाकते. गिऱ्हाईक चकाकणारी उचलतं. घरी लावली की कळतं, काचेतून बल्ब डोळे वटारून बघतोय.

तेव्हा आधी पेटवून बघा. बल्बचा आकार दिसतो का?

----

बालाघाट_वारा

तात्पुरती वायर जोडून पेटवली. मधाच्या भागात बल्ब अजिबात दिसत नाही, सगळीकडं सारखा उजेड. चतुरांच्या पंखांतून मात्र थोडा दिसतो. पंखांवर बाहेरून बारीक धातूची जाळी चिकटवलेली आहे.

आई म्हणाली, राहू दे चालू. जेवणं त्याच उजेडात झाली.

----

काचकमळ (पुणे)

जाळी आहे? मग नक्कल करणाऱ्यानं कष्ट घेतलेत. मूळ डिझाइनमध्येही पंखांवर अशी जाळी असते, शिरांसाठी. स्वस्त नकलेत ती गाळतात आणि पंख कोरे ठेवतात.

पंखांच्या काचेतल्या रेघा कुठल्या दिशेनं जातात तेही बघा. धडाकडून टोकाकडं जात असतील तर तुकडा निवडून कापलाय. वाटेल तशा असतील तर काच वाचवलीय. हे निवडण्याचं काम टिफनीकडं बायकांचा विभाग करायचा, क्लारा ड्रिस्कॉल त्याची प्रमुख. काचेचा तक्ता खिडकीशी धरून बघायचा, कुठल्या कोपऱ्यात पाकळी आहे, कुठं पंख आहे ते हेरायचं आणि तेवढंच कापायचं. चतुराचं डिझाइनही तिचंच. शंभर वर्षं श्रेय मालकाच्या नावावर राहिलं. तिची घरी लिहिलेली पत्रं सापडली आणि २००७ साली न्यूयॉर्कला त्यावर प्रदर्शन झालं, तेव्हा कुठं तिचं नाव लोकांना कळलं.

----

गुलमंडी (संभाजीनगर)

टिफनीचं चालू द्या, पण हंड्यांकडं कुणी बघायला तयार नाही! वाराभाऊ, जुन्या त्याच असाव्यात.

आमच्या आजोबांचं दिवाबत्तीचं काम होतं. खुलताबादचा उरूस, मोहरम, गणपती, लग्नं, सगळीकडं हंड्या भाड्यानं जायच्या. हंडीत आधी दोन-तीन बोटं पाणी, त्यावर खोबरेल किंवा करडीचं तेल, तेलावर तरंगती वात. पाण्यामुळं हंडी वाऱ्यानं फार हलत नाही, बूड तापत नाही, आणि तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझते. रंगीत हंडीत पाण्याचाही रंग दिसतो, ते बल्बनं येत नाही. नंतर मेणबत्त्या आल्या आणि मग वीज.

लाल हंडीचा काठ उजेडाकडं धरून बघा. काठाच्या जाडीत आतली काच पांढरी आणि वर लाल पापुद्रा दिसला तर चांगलं लक्षण. लाल काच जाड केली की काळी दिसते, म्हणून जुने कारागीर पांढऱ्या काचेवर लालचा पातळ थर घ्यायचे. कधी त्यावर कोरून पांढरी वेलबुट्टी काढायचे. नुसते बुडबुडे बघून जुनी समजू नका, फिरोजाबादेहून आजही बुडबुडेवाल्या हंड्या येतात. पितळी कडं जिथं बसतं तिथं काठ झिजलाय का ते बघा. ती झीज सहजासहजी नकली करता येत नाही. बुडाला मधोमध खरबरीत व्रण किंवा घासून गुळगुळीत केलेली वाटी असेल तर फुंकून केलेली काच, नळीपासून तोडल्याची ती खूण.

----

बालाघाट_वारा

गुलमंडीताई, काठाला पापुद्रा आहे! कडं बसतं तिथं चक्क घोटलेला पट्टा आहे. निळी मात्र आरपार निळी.

----

गुलमंडी (संभाजीनगर)

कोबाल्टची निळी तशीच असते. दोन्ही ठेवा. आणि हात जोडून सांगते, आईला चिंच आणि पितांबरी घेऊन बसू देऊ नका. झाकणाचा जुना काळपटपणा गेला की परत यायला वर्षानुवर्षं लागतात.

----

बालाघाट_वारा

उशीर झाला. झाकण लख्ख आहे.

----

औसा_लाइन (लातूर)

आमच्या आजोळी सहा हंड्या होत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात एकबी राहिली नाही. पण त्या दिवशी हंड्यांचं कुणाला सुचणार होतं. सहज आठवलं.

----

प्रयोगवही (परभणी)

लोलकांबद्दल सांगतो. बरं क्रिस्टल म्हणजे शिसं घातलेली काच. इंग्लंडात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ साली तिचं पेटंट घेतलं. शिशामुळं उजेड जास्त वाकतो, म्हणून लोलकात सप्तरंग उठून दिसतात. आपल्या भागाशी नातं सांगायचं तर हैदराबादला निजामाच्या चौमहल्ला राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये १९ बेल्जियन झुंबरं आहेत. निजामाच्या राज्यातल्या जहागीरदारांनी बघितलं आणि ऐपतीप्रमाणे आपापल्या वाड्यात एखादं टांगलं.

पण तुमच्या डब्यातले लोलक शिशाचे की साधे? टिचकी मारून आवाज ऐकायची पद्धत आहे, मला ती पटत नाही, छोट्या लोलकाचा आवाज कळत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. लोलक वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. लोलक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरा हातात धरून ठेवा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर लोलकाचं आकारमान. वजनाला त्यानं भागा. उत्तर २.५ च्या आसपास आलं तर साधी काच. ३ किंवा त्यावर आलं तर शिशाची. आठवीच्या पोरांकडून करून घेतो मी हे, त्यांना आर्किमिडीज एकदम आवडायला लागतो.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असेल तर अंधारात सगळ्या काचसामानावर मारा. एखादी पिवळट-हिरवी काच झगझगीत हिरवी उजळली तर तिच्यात युरेनियम आहे. १८३० च्या दशकापासून बोहेमियात अशी काच करत. कपाटात ठेवायला काही धोका नाही, घाबरून फेकू नका.

----

बालाघाट_वारा

सर, मुलीनं केलं. ६२ ग्रॅमचा लोलक, काट्यावर २० आले. म्हणजे ३.१. दुसरा एक ४५ ग्रॅमचा, त्याला १८ आले. आता डब्यातला प्रत्येक लोलक बुडवणं चाललंय.

----

प्रयोगवही (परभणी)

दुसरा साध्या काचेचा. तुटलेल्याच्या जागी नंतर बसवलेला असणार. झुंबरात असं सर्रास सापडतं.

----

औसा_लाइन (लातूर)

आता माझा इषय. कंदील.

'प्रभाकर' म्हणजे ओगलेवाडीचा, कराडजवळच्या ओगल्यांच्या कारखान्याचा. ह्यो टाकून देणाऱ्याला घरात घेऊ नका. त्याच्या आधी तळेगावला लोकांकडून पैसा पैसा गोळा करून, टिळकांच्या पाठबळानं, १९०८ ला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. इलायती चिमण्या नको म्हणून ही सगळी खटपट. आमच्या खेड्यात वीज यायच्या आधी रात्रीचा अभ्यास, बाळंतपण, बैलाला वैरण, सगळं याच उजेडात.

कंदिलाला काच लागती ती वाऱ्यासाठीच असं नाही बरं का. काचेमुळं गरम हवा सरळ वर पळती, खालून नवी ओढून घेती, मग ज्योत धूर न करता उजळ जळती. आर्गां नावाच्या माणसानं १७८० च्या दशकात हे जमवलं. बाजूच्या दोन नळ्या पण शोभेच्या नसतात, चांगल्या कंदिलात वरची गार हवा त्यांतून खाली वातीला जाती.

काच तडकती ती तीन कारणांनी. वात तिरकी कापलेली असली की ज्योतीचं एक शिंग काचेला चाटतं. पेटवल्या पेटवल्या वात मोठी केली की काच एकाच जागी तापती. आणि पडवीत टांगलेल्या कंदिलावर पावसाचा थेंब आला की ताडकन. म्हणून वात सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उतरवायचे, आणि पाच मिनिटं बारीक ठेवायची. आजी नवीन काच गार पाण्यात ठेवून पातेल्यातच उकळायची आणि त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यायची. राख आणि कोरडं फडकं, साबण नाही.

घासलेट आता मिळणं अवघड. सजावटीच्या दिव्यांसाठीचं लिक्विड पॅराफिन मिळतं ते घाला. कुणी पेट्रोल घाला म्हणलं तर त्याला ब्लॉक करा.

----

मोसंबी_जालना

आमच्याकडं वरातीतल्या गॅसबत्त्या होत्या, बायका डोक्यावर घेऊन चालायच्या. त्याचं मेंटल पेटल्यावर पांढरं कशानं व्हायचं?

----

प्रयोगवही (परभणी)

थोरियम आणि चिमूटभर सिरियम. कार्ल आउअर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाची करामत, जाळी १८८५ ची, हे मिश्रण १८९१ चं. कापडी जाळी पहिल्यांदाच जळून जाते, मागं ऑक्साइडचा सांगाडा उरतो आणि तो तापून झळकतो. थोरियम किरणोत्सारी असतं, म्हणून फुटलेल्या मेंटलची पूड फुंकू नये. डोक्यावर बत्ती घेणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

----

बालाघाट_वारा

पुन्हा शेडकडे येऊ का? आमच्या इथं एक डाक देणारे चाचा आहेत, रेडिएटर आणि समया जोडतात. म्हणाले, दोनशे रुपयांत चारही तुकडे जोडून देतो. देऊ का?

----

काचकमळ (पुणे)

नका देऊ. चाचांच्या हाताबद्दल शंका नाही, पण ते ज्योतीनं तापवणार आणि नवसागर किंवा तेजाबाचं पाणी लावणार. ज्योत लागली की शेजारची चांगली काच तडकेल आणि तेजाब तांब्याच्या पट्टीखाली शिरून पुढची दहा वर्षं हिरवं फुगत राहील. इथं डाक द्यायची विजेची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) लागते, टोकाला तापमान ठरवून ठेवता येणारी. ६०-४० ची कथील-शिशाची डाक १९० अंशांच्या आत वितळते, तेवढी ऊब काच सहज सोसते, फक्त एका जागी रेंगाळायचं नाही.

काम असं होतं. तडकलेल्या तुकड्याभोवतीची डाक वितळवून शोषून घ्यायची, तुकडा आणखी थोडा फोडून चिमट्यानं बाहेर काढायचा. शेजारच्या तुकड्यांची तांब्याची पट्टी सुटली तर नवी लावायची. मोकळ्या जागेवर कागद धरून पेन्सिलीनं आकार उतरवायचा, काचेचा तक्ता घेऊन शेड पेटवलेली असताना तिच्याशेजारी धरून रंग जुळवायचा. हे दिवसाउजेडी केलं की हमखास चुकतं. मग हिरकणीनं कापा, ओल्या दगडावर घासा, तांबं गुंडाळा, डाक द्या. शेवटी मोरचुदाचं पाणी लावून नवी चंदेरी रेघ तांबूस करायची किंवा काळ्या रसायनानं काळी, शेजारच्या रेघांना मिळेल तशी. नुसती तडा गेलेला, जागचा न हललेला तुकडा असेल तर मी तो काढायच्या मताचा नाही. पारदर्शक एपॉक्सी गोंदाचा थेंब तड्यात सोडायचा, केशाकर्षणानं आत ओढला जातो. तीनपैकी दोन तुमचे असे दिसतात.

पुणे, मुंबई, हैदराबादला स्टेन्ड ग्लासचं काम करणारे आहेत. आधी त्यांनी केलेली एखादी शेड पेटवलेली बघा. जोडाची रेघ सलग, गोलसर फुगीर असली पाहिजे, चपटी आणि गाठींची नको.

आणखी एक. जोडांवर पांढरी पूड दिसते का फोटोत? ते शिशाचं गंजणं आहे. कोरडं घासू नका, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, हात साबणानं धुवा. लहान मुलांना लांब ठेवा. व्हिनेगर, लिंबू अजिबात नको, आंबटानं शिसं खाल्लं जातं. पुसून झाल्यावर मेणाचा हलका हात.

----

तिखट_शेव

मी ऑनलाइन एक 'टिफनी लॅम्प' मागवला होता १८०० रुपयांना. तुमचं वाचून टिचकी मारली. प्लास्टिक आहे.

----

काचकमळ (पुणे)

गालाला लावून बघायचं. काच गार लागते, ॲक्रिलिक लागत नाही. असू द्या, पडली तर फुटणार नाही.

----

गोदाकाठ (नांदेड)

वायरिंगचं काम मी करतो, त्यामुळं तेवढंच बोलतो.

वारा, ती पांढरी वायर आणि होल्डर दोन्ही काढून फेका. खांब लोखंडाचा आहे, म्हणजे तीन पदरी वायर, तीन पिनांचा प्लग, आणि अर्थिंगची हिरवी वायर खांबाला आतून स्क्रूनं पक्की. आपल्याकडं जुन्या दोन पदरी वायरीवर धातूचे दिवे चालवतात आणि मग शॉक लागला म्हणतात. खांबातून वायर जिथं बाहेर येते तिथं रबरी बूच बसवा, नाहीतर लोखंडाची धार वायर कापते.

बल्ब एलईडीच, पण डोळे झाकून स्वस्त घेऊ नका. २७०० केल्विन, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा रंग. ६५०० चा पांढरा लावलात तर मधाची काच आजारी दिसेल. आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर लिहिलेलं बघा. साध्या एलईडीत गडद लाल कमी असतो. लाल काच फक्त लालच पुढं जाऊ देते, तो दिव्यातच नसेल तर चतुराचे डोळे विटकरी दिसतील. उजेड चार-पाचशे ल्युमेन भरपूर झाला. गोल, दुधी कवचाचा बल्ब घ्या, पंखांतून दिसणारा ठिपकाही जाईल. जुन्या ६० वॅटच्या बल्बनं वरची टोपी चांगलीच तापायची, डाक शिणायची. एलईडीनं तो त्रास मिटला.

हंड्यांत बल्ब लावणार असाल तर होल्डर साखळीला लटकू द्या, काचेवर वजन देऊ नका.

----

बालाघाट_वारा

तर असं ठरलंय. दोन तड्यांना एपॉक्सी, दोन तुकडे नवे, पुण्यात एका कारागिरानं केलेली शेड पेटवून दाखवली, रेघ गोलसर होती. वायरिंग गोदाकाठांनी सांगितलं तसं. कंदिलाला काच सापडली, मापाला अर्धा सूत ढिली आहे पण धरते. लाल हंडीचं झाकण करून द्यायला कासारगल्लीत दिलंय, निळीचं नमुन्याला.

काका म्हणतात, दुरुस्त करा, पण तुमचा तो पुण्याचा माणूस काच बदलून असली काढून घेईल, फोटो काढून ठेवा. फोटो काढलेत.

आता प्रश्न न्यायचा. गाडी नाही, एसटीनं जायचंय. शेड कशी बांधू?

----

काचकमळ (पुणे)

आडवी किंवा उलटी नको, घुमट वर, काठ खाली, जशी दिव्यावर बसते तशीच. सगळा भार काठाच्या तारेवर येऊ द्या. आतल्या पोकळीत जुनी मऊ साडी सैलसर भरा, ठासू नका, आतून दाब आला की जोड उकलतात. खोकं शेडपेक्षा चार बोटं मोठं, खाली फोम, चारी बाजूंनी चुरगाळलेला कागद. पडून गेलेल्या तुकड्याच्या जागी पुठ्ठा कापून चिकटपट्टीनं बसवा, नाहीतर शेजारचे तुकडे वाटेत हलतील. खांब वेगळा. तडकलेल्या तुकड्यांवर चिकटपट्टी लावा, पण नंतर ओढू नका, केस सुकवायच्या यंत्रानं ऊब देऊन सोडवा.

----

औसा_लाइन (लातूर)

मागच्या चाकावरची शीट घेऊ नका. पुढून तिसऱ्या रांगेत, खिडकीची नको, आतली. खोकं मांडीवर. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तर द्या, वाद घालू नका, ब्रेक मारला की दोन्ही हात मोकळे लागतात.

----

बालाघाट_वारा

झालं. शुक्रवारी निघतोय. हंड्यांसाठी स्लॅबला हुक मारायचा आहे, किती भार धरू?

----

गोदाकाठ (नांदेड)

पाण्यासकट लावणार का कोरडी? कोरडी दोन-तीन किलोच्या वर जात नाही, पाणी-तेल घातलं तर आणखी दोन धरा. पण हुक त्याच्या पाचपटीचा घ्या. आठ एमएमचा अँकर पुरेल, प्लास्टिकची गुल्ली नको. सळई लागली तर भोक दोन इंच सरकवा. आणि पंख्याच्या पात्यापासून लांब, हे सांगायला नको, पण सांगतो.

----

गुलमंडी (संभाजीनगर)

पाणी घालून लावा. एकदा तरी.